एकाच डोंगराची कॉफी

—नाय भाऊ, पुडी सोडू नका, वास बंद पुडीतनंच आला. कुर्गची ना? बोपय्याच्या मळ्यातली. बसा त्या स्टुलावर, उन्हातनं वाशी फिरत आलात तुमी—पन हा माल माझ्या दुकानात नाय येनार. का म्हनजे? मी मूळ तळवलीचा. जमीन नव्या शहरात गेली तवा ट्रक धरला, अन त्याच मळ्यावर ड्रायवर राह्यलो. दोघं भाऊ मालक—थोरला बोपय्या, धाकटा मादप्पा. सरकारी बोर्डाला द्यायचा तो माल द्यायचा, अन घरासाठी राखलेल्या गोन्या मी इकडं ओळखीच्या घरांना पोचवायचो. त्यात एकाच डोंगराचा दाना, त्यांच्या बापाचा दंडक होता. मादप्पा पाळायचा. बोपय्या नाय.

दोन वर्सं झाली. संक्रांतीच्या सुमाराला मादप्पानं खळ्यावर गोनी फोडली—आत किडका दाना, भलत्याच मळ्याचा. ‘हे कोनी भरलं?’ बोपय्या त्याच्या मागं सरकला. मग दुसरी फोडली, तिसरी फोडली, मजुरांच्या देखत. चौथीला वाकला अन मागनं कोयता बसला. खांद्यात. हाडात अडकला, तर बोपय्यानं सख्ख्या भावाच्या पाठीवर पाय देऊन उपसला अन परत घातला. मी मधी पडलो—हा हात बगताय ना मगापासनं? दोन बोटं तिथंच पडली, कॉफीत. माझ्यावर दुसरा घाव यायचा, तेवढ्यात मादप्पाची बायको घरातनं धावली, कॉफी वर-खाली करायचं लाकडी दाताळं तिनं बोपय्याच्या तोंडावर हानलं. डोळा फुटला त्याचा. म्हनून मी जिता. मादप्पा नाय वाचला. अन रगतात भिजलेली ती कॉफी, भाऊ—धुतली, वाळवली, विकली बोपय्याच्या मानसांनी.

आता सांगा, घेऊ तुमची पुडी?

मजूर कोर्टात फिरले. बोपय्या जामिनावर. साक्षीला उरलो दोघं, मी अन ती. मी हा इथं उघड्यावर बसलोय, कोनीबी यावं. ती? ती कुठं गेली मला काय म्हाईत? जिती हाय का तेबी नाय म्हाईत. घ्या, चा घ्या. कॉफी नाय मिळायची—दुकान कॉफीचं, पन घरात थेंब उकळत नाय. वास आला का तिला उलट्या होतात, परवाच माझ्या आयनं सगळ्या खिडक्या उघडून तिला—

काय म्हनालात?

गंगम्मा? नाव तर मी घेतलंच नव्हतं, भाऊ. मी बायको म्हटलं, मादप्पाची बायको.

कोनी धाडलं तुमाला?

नाय, उठू नका. कप ठेवा खाली. दोनी हात वर घ्या, मला दिसतील असे. गोटीराम—माझा चुलतभाऊ हाय, आत दळतोय—गोटीराम, मशीन बंद कर. शटर ओढ.

नाय रे, यांना बाहेर नाय सोडायचं. शटर ओढ.