नाण्यावरचा जांभळा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. ऐकलेल्या बोलण्यात पदरचे चार शब्द घालायची माझी खोड, पण आज गरजच पडली नाही.

"अहो, मोतीबिंदू काढायच्या आधीच सांगते. तुमच्या त्या जुन्या निकेलच्या नाण्यावरचे निळे-जांभळे रंग मी मळ समजून दंतमंजनानं घासून काढले."

"ठाऊक आहे. नाण्याला मंजनातल्या लवंगेचा वास येत होता."

"अगंबाई! मग रोज भिंग लावून रंगांचं कौतुक कुणाला ऐकवत होतात?"

"तुलाच. नाहीतर तुझं तोंड उतरलं असतं."

"आता पट्टी सुटल्यावर काय बघणार, माझं कपाळ?"

"रंग परत चढताना बघणार. पन्नासएक वर्षं लागतात म्हणे. थांबशील ना?"

"थांबते की. तेवढं मंजन मात्र लपवून ठेवा."