वरच्या थराचा मध

बायको गेल्यापासून शिंपीकाका एकटेच बसने दुकानात जात. आज रांगेत त्यांच्यापुढे एक म्हातारं जोडपं डबा घेऊन उभं होतं.

“बिस्किटांत लोणी नाही ना घातलंत?”

“नाही गं. सूनबाई दुधातुपाचं खात नाही, माहीत आहे मला. तेल आणि पुदिना घातलाय. वर सफरचंदाच्या फोडी.”

“त्या चकाकतायत कशानं?”

“मध लावला.”

“अहो, मध मधमाश्यांचा! तोही चालत नाही तिला. पहिल्यांदा घरी बोलावलंय तिनं आपल्याला!”

“डब्यातल्या खालच्या थराला नाही लावला.”

“का?”

“कंटाळा आला.”

“जन्मात पहिल्यांदा तुमचा आळस कामी आला!”

दोघं हसत बसमध्ये चढली. शिंपीकाकांची बस मात्र, ते लोण्याचं बोलणं ऐकत उभे होते तेव्हाच निघून गेली होती.