पूजेतलं कुलूप

हॅलो?… कोण, संयोगिता? अगं, दसऱ्याच्या दिवशी सकाळी सकाळी रडतीस काय? नीट बोल… चोरीला गेली? काय, कॅराव्हॅन? तुमची ती चाकावरची खोली?… अगं बाई!

हो, हो… अगं ऐक ना. दारातनं नेली आणि तुमी दोघं आत घोरत होता?… बरं, न्हाई म्हणत. पण जीपमागं जोडून कुणीबी ओढून नेईल असली वस्तू, तिला कुलूप नको?… हाय? मग कुठं हाय?… देवापुढं?

थांब… न्हाई गं, हसत न्हाई, ठसका लागला. म्हंजे काल खंडेनवमीला जयराज भावजींनी हुकाचं कुलूप काढलं, चाकाचा जॅमर काढला, आणि विळ्या-कोयत्याशेजारी मांडून हळद-कुंकू वाहिलं?… व्हय, व्हय, लोखंडच ते, पुजायलाच पायजे. आणि पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी उचलायचं न्हाई, म्हणून रातभर गाडी मोकळी?… शाब्बास. फौजेत पहारा असाच द्यायचे का गं भावजी?

बरं, ते जीपीएस… मोबाइलवर बघ की गाडी कुठं दिसती… घरात? घरात कशी दिसंल?… त्यो डबा बी पूजेत? मग बरोबरच दाखवतंय की. देवघर सापडलं तुमचं.

रडू नकोस. पुण्याची माणसं आजच गाडी भाड्यानं न्यायला येणार होती न्हवं, पहिलंच गिऱ्हाईक? त्यांना कुलूप दाव, प्रसाद दे… आता तुमी काय खाणार म्हंजे? सगळी पुंजी त्यात घालताना इचारलं व्हतंस मला? ये आता परत आमच्याच चुलीला. भांडी हायतच घासायला.

काय?… फोन? व्हय, गाडीच्या मागच्या दारावर भावजींनी थोरला भाऊ म्हणून आमच्या ह्यांचा नंबर रंगवलाय, ठावं हाय. आला व्हता की. तुझ्या आधीच. उंब्रजचे पोलीस. नाक्यावर एकाला अडवलाय म्हणाले, ओढून नेत व्हता. ‘गाडी तुमची का?’ इचारत व्हते.

…मी? न्हाई म्हणून सांगितलं.

ओरडतीस कशाला? गाडी आणली तवा मी नुसता पायरीवर पाय ठेवला, तर काय म्हणालीस? ‘अक्का, ही आमची दोघांची, तुमचं ह्यात काय न्हाई.’ मग पोलिसांशी खोटं बोलू?… सोडला असंल की त्याला. मालकच न्हाई म्हणल्यावर कशाला धरून ठेवतील?… भावजींना फोन कशाला देतीस? मला काय त्यांचं भ्या… हॅलो?

हॅलो?… ठेवला.