अंगठ्याचा खळगा

आई : कानस एकाच दिशेने चालव रे. मागे-पुढे काय करतोस, दात घासतोयस का?

मुलगा : लाकूड चिवट आहे.

आई : लाकूड चिवट नाही, तू चेंगट आहेस. बापावर गेलास.

मुलगा : सुरीच्या पात्याच्या पाठीच्या कडा पण घासायच्या ना?

आई : आधी त्याच. दिवसाला दोन पोती कांदा चिरायचा तर बोट त्या पाठीवरच टेकतं. हा बघ घट्टा, बावीस वर्षांचा. इस्पितळाच्या कॅन्टीनमधल्या सुऱ्यांना कडा तशाच असतात, मेल्या. चामडी सोलून निघते.

मुलगा : आणि मूठ?

आई : तळहाताशी फुगीर, पुढे निमुळती. ती प्लॅस्टिकची काढून टाकलीस ते एक बरं केलंस. ओल्या हातातून निसटायची.

मुलगा : पिना पितळेच्या घातल्यात.

आई : दिसतंय. स्वस्तातली सुरी, पण चांगली नटवलीस. सोमवारी कामावर गेले की बायका विचारतील, कुठून आणली. सांगेन, लेकाने हाताने केली. दोन महिने घरी बसले तर त्यांना वाटलं असेल, म्हातारी आटोपली.

मुलगा : हं.

आई : बोटं वाकडी झाली म्हणून काय झालं? मूठ जाड असली की धरवते. दे बघू.

मुलगा : अजून पॉलिश पेपर मारायचाय.

आई : दे रे.

(ती सुरी उजव्या हातात धरून पाहते.)

आई : अरे, अंगठ्याचा खळगा चुकलास. उजव्या हातात धरली की अंगठा डाव्या बाजूला येतो. तू उजव्या बाजूला कोरलास. तीन दिवस घासून एवढंही कळलं नाही?

मुलगा : चुकलो नाही.

आई : नाही काय? असा खळगा डाव्या हाताने चिरणाऱ्याला लागतो.

मुलगा : माहीत आहे.

आई : घरात डावरी एकच आहे. तुझी बायको.

मुलगा : सोमवारपासून ती जाणार आहे. तुझ्या जागी. मॅनेजरशी बोलणं झालंय.

आई : माझ्या जागी मी जाणार आहे.

मुलगा : तुझा राजीनामा दिलाय गुरुवारी.

आई : आणि सही?

मुलगा : मीच केली. तुला पेन तरी धरवतं का?

आई : धरवतं.

मुलगा : काल कप सोडलास. सकाळी तुझ्या गुंड्या तिने लावल्या. आणि तू दोन पोती चिरणार? हसतील लोक.

आई : विचारायचं तरी होतंस.

मुलगा : विचारलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस.

आई : म्हणून माझ्यासमोर बसून कडा घासू का, मूठ कशी हवी, सगळं माझ्याकडून काढून घेतलंस. तिच्यासाठी.

मुलगा : तिला कुठे ठाऊक असतं हे? तुझ्यासारखा हात बसायला तिला वर्षं लागतील.

आई : गोड बोलू नकोस. हे समोर बसून करायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? तुझं डोकं एवढं चालत नाही.

मुलगा : तिच्याच. म्हणाली, सासूबाईंना विचारून विचारून करा, तेवढंच त्यांना बरं वाटेल.

आई : असं म्हणाली?

मुलगा : वाटलं की बरं. तीन दिवस हसत होतीस.

आई : हो. वाटलं.

मुलगा : मग झालं तर. दे ती इकडे.

आई : घे. खळगा अजून थोडा मागे वाढव. तिचा अंगठा आखूड आहे.