हरवलेली म्हैस आणि एक मिनिट

धारवाडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नीलव्वा आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर एक आई शाळेतल्या वाचन-चाचणीची चिठ्ठी नाचवत लेकीला फैलावर घेत होती.

"इंग्रजी मिनिटाला नव्वद शब्द आणि घरची कानडी चाळीस! सहना, तुला चष्माच लागलाय."

"अव्वा, मला सगळं नीट दिसतं."

"मग इंग्रजी कशी धडाधड वाचलीस?"

"त्यातलं काही कळत नव्हतं. थांबायचं कशाला?"

"आणि कानडीत काय धोंडे आडवे आले?"

"त्यात एका आजीची म्हैस हरवते. आजी हाका मारते, कावेरीऽऽऽ, कावेरीऽऽऽ..."

"हळू! दवाखाना आहे हा. एका शब्दाला एवढा वेळ?"

"म्हैस लांब गेली होती, अव्वा."

"अगं, पण बाईंनी घड्याळ लावलं होतं ना!"

"ते आजीला कुठं ठाऊक होतं?"

आतून नीलव्वाच्या नंबराचा पुकारा झाला. ती उठली नाही. मुलीकडे वाकून म्हणाली, "पोरी, मग सापडली का गं म्हैस?"

"काय माहीत! मिनिट संपलं. बाईंनी कागद काढून घेतला."