शाहण्यांच्या आळीतली झाडूवाली

—कालची नाय हो म्याडम, दूर्वा आज सकाळीच बांधावरनं खुडलीय, ओल्या फडक्यात ठेवलेली म्हणून अशी दिसते. हात लावून बघा. एक जुडी पुरे? आणि जास्वंद? बरं, नको तर नको. पण तुमी अजून हसताय — देखावा बघून आलात व्हय? मंग बरोबर. त्या मंडपातनं भायेर येणारा माणूस हसतच येतो. कुणाला हसलात? त्या दाढीवाल्या बुटक्यांना? नाय ना? झाडूवालीला ना? "मना ठाव नाय बाय" — तिलाच. सगळे तिलाच हसतात. एक सांगू का? सांगतेच. ती मी हाय.

तशा बघू नका. बाहुली मी नाय. बाहुली गेल्या साली शबरी होती, हातातली बोरं काढली आणि झाडू दिला, तेवढंच. पण तिच्या पोटातनं येतो तो आवाज माझा हाय. या माझ्या गळ्यातला. थांबा — ऐकू येतंय का? मोटर लागली बघा, नवा खेळ सुरू झाला. आता राजा विचारेल, मंग तो चांदण्या मोजणारा बोलेल, मंग ती मान वळवेल गर्रकन — आता — आता — हां. हसले. बघितलंत? रोज संध्याकाळभर मी हितं बसून हे ऐकते. जागा बदल बोलतात मला, पण का बदलू? आमच्या घरचं खळं होतं या जागेवर, जमिनी घेऊन शहराचे सेक्टर पडायच्या आधी. गणपतीच्या दिवसांत मी हितंच बसते, दूर्वा विकते, पाच सालं झाली.

आणि ती गोष्टपण माझी हाय. सगळी. त्या पाटीवर नाव वाचलंत ना — लेखन आणि निवेदन, केतन घरत? तो माझा केतन. माझा मुलगा. तो काय, निळ्या शर्टातला, दोरी धरून लोकांना आत सोडतोय तो. दिसायला बापावर गेलाय. ल्हान होता तवा जेवायला लय नखरे त्याचे. आमी तवा मिठागरावर कामाला जायचो, खाडीच्या बांधावरच त्याला भरवायचे. भरती ओसरली की चिखलातनं बुडबुडे फुटतात, तुमी कवा ऐकलेत? पुट पुट, पुट पुट, जसं कोणीतरी खाली बसून वाद घालतंय. तो विचारायचा, आये, कोण बोलतंय गं? मी बोल्ले, बुटके. चिखलाखाली बुटक्यांचं गाव हाय. एक घास खा, मंग सांगते.

झालं. घासागणिक ते गाव वाढलं. गुडघ्याएवढी माणसं, शिंपल्यांच्या भिंती, कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, पाठीची कौलं. कुंभारांची आळी, तेल्यांची आळी, आणि सगळ्यात वरच्या अंगाला शाहण्यांची आळी. तिथं नुसते शाहणे राहायचे. एकाला भरती-ओहोटीचं सगळं माहीत. एक चांदण्या मोजायचा, मोजता मोजता दाढी जमिनीला लागली तरी त्याचं संपलं नाय. एक माशाच्या खवल्यांवर लिहायचा — खवलं वाळलं की वाऱ्यावर उडायचं, मंग हा बिचारा त्याच्यामागे धावायचा. हे बघितलंत ना आत? खवल्यांची मोटर चांगली बसवलीय पोरांनी, ते मी बोलणार. चांगल्याला चांगलं बोलावं.

पण त्या आळीत घर कुणाला मिळायचं, ते आत नाय सांगत. ते मी सांगते. तिथं परीक्षा घ्यायचे. विचारत जायचे, विचारत जायचे, शेवटाला असा एक प्रश्न टाकायचे की कुणालाच त्याचं उत्तर येत नाय. मंग जो काहीतरी ठोकून द्यायचा त्याला हाकलायचे. जो सरळ बोलायचा, मना ठाव नाय, त्यालाच घर द्यायचे. सगळ्यात मोठं घर होतं एका म्हातारीचं, कवडीआजीचं. ती दिवसातनं दहा वेळा बोलायची, मना ठाव नाय. आणि ती बोलली की सगळे मान खाली घालून विचार करायचे. असं होतं ते. मंग एकदा उधाण आलं, राजानं विचारलं, बांध टिकेल काय? आता राजासमोर कोण बोलणार, ठाव नाय म्हणून? सगळे शाहणे बोलले — टिकेल, टिकेल, राजा, झोप तू. कवडीआजी एकटीच बोलली, मना ठाव नाय, घरं सोडा. कोणी सोडली नाय. बांध फुटला. तवापासून ते सगळे तिथंच अडकलेत, मेलेत आणि त्यांना कळलं नाय, अजून तेच बोलतात, टिकेल, टिकेल, टिकेल. तेच ते बुडबुडे. केतन एवढे डोळे करायचा. विचारायचा, आये, आणि कवडीआजी? मी बोलायचे, ती सुटली, ती खरं बोलली होती ना.

आता तुमी आत काय बघितलंत? कवडीआजी कुठं दिसली? नाय दिसली. झाडूवाली दिसली. शाहणे सगळे छापील बोलतात, "महाराज, माझ्या गणनेप्रमाणे", आणि ही मधेमधे झाडू मारते आणि राजानं चुकून तिला विचारलं की बोलते, मना ठाव नाय बाय. की हशा. शेवटाला गणपती येऊन सगळ्यांना सोडवतो — त्याला माझं काय नाय, गणपतीचा मंडप हाय, गणपती पायजेच.

आवाज? आवाज त्यानं मागून घेतला हो. चोरला असता तरी बरं वाटलं असतं. आषाढात एक दिवस टेप घेऊन आला, अवधूत सरांचा — सर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, मुंबईला नाटकं करतात — मला बोल्ला, आये, ती बुटक्यांची गोष्ट सांग ना, पयल्यापासून, तू सांगायचीस तश्शी. मी बोल्ले, एवढा घोडा झालास, आता कशाला? तर बोल्ला, विसरून जाईन गं. मी किती खूश झाले असेन, म्याडम! दार लावलं, पंखा बंद केला आवाज येतो म्हणून, घामानं भिजले, पण सगळी सांगितली. कवडीआजीचं बोलणं तर तीन-तीनदा सांगायला लावलं त्यानं. अजून जोरात, आये. अजून एकदा, आये. मला वाटलं, माझं पोर माझी गोष्ट जपून ठेवतंय.

मंग देखावा बसला. केतन बोल्ला, तुझी गोष्ट लावलीय, तुझा आवाजपण हाय आत. पयल्या दिवशी मी काय केलं, ऐका. हिरवी नऊवारी काढली. गावातल्या चौघी बायकांना घेऊन आले, गंगाबाईला तर पाय दुखतात तरी ओढत आणलं — चल, माझी गोष्ट लावलीय सेक्टरवाल्यांनी, आत माझा आवाज हाय. पुढं खुर्च्यांवर बसलो. दिवे गेले. ते गाव बघितलं आणि मला रडूच आलं, शिंपल्यांच्या भिंती, सगळं मी सांगितलं तसं. मंग ती बाहुली आली. मान गर्रकन वळली, आणि आवाज आला — आणि लोक हसले, आणि मीपण हसले. सांगते ना. सगळ्यात जोरात मीच हसले. आपला आवाज आपल्याला कुठं ओळखू येतो? टेपमधला तर नायच येत. मला वाटलं, कोण ही खुळी बाई, कशी बोलते! हसता हसता गंगाबाईकडं बघितलं, तर ती हसत नव्हती. चौघीपण हसत नव्हत्या. गंगाबाई हळूच बोलली, वेणू, हा तुझा आवाज हाय गं.

त्यानंतर जे काय आत चाललं होतं ते मला दिसलं नाय. घरी जाताना चौघी पावसापाण्याचंच बोलत राहिल्या. मला हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

विचारलं ना! न विचारता राहीन काय? आल्या आल्या विचारलं. तर बोल्ला, आई — आता आई बोलतो, आये नाय — आई, शाहणी माणसं आपल्यासारखं बोलताना दाखवली तर लोक हसतील. मी बोल्ले, मंग आता काय करतात? ताटातला भात चिवडला. मंग बोल्ला, सरांनी सांगितलं, थोडी गंमत पायजे. मी बोल्ले, सरांना तू सांगितलंस का आवाज कुणाचा हाय? तर ताटावरनं उठला. ताटावरनं उठला, म्याडम. ज्या पोराला जेववायला मी अख्खं गाव बसवलं, ते त्या गावावरनं भांडून उपाशी झोपलं. आणि वर मीच जागी, की पोर उपाशी हाय.

सरांना सांगितलं नाय त्यानं. त्यांना वाटतं, त्यानंच बाईचा आवाज काढलाय. काय नक्कल करतो पोरगा, बोलतात! म्हणून तर जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव दिलंय, लेखन आणि निवेदन दोन्हीला. बक्षीस आलं की त्याला मुंबईला आपल्या नाटकात घेणार सर. मला सांगितलंय, परीक्षक कधी पण येतील, गुपचूप येतात, आई तू मंडपासमोर बसू नको. म्हणजे बघा! टेपमध्ये चालते, रस्त्यावर नाय चालत.

हां, पिशवीतनं सुट्टे काढा, सावकाश काढा, शाल धरू का तुमची — हे काय? हा बिल्ला कसला?

काय बोल्लात? तुमी परीक्षक हाय?

अरे देवा. आधी बोलायचं नाय का हो? मी आपली बडबडत सुटले. नाय, नाय, ते कागदपेन आत ठेवा आधी. म्याडम, हात जोडते. मी काय बोल्ले ते खरं नाय. म्हणजे — बाई माणूस एकटी बसते, डोकं फिरतं, काय पण बोलते. गोष्ट त्याचीच हाय. मी कुठनं आणणार गोष्ट, मला सही पण धड येत नाय. आवाज त्यानंच काढलाय, लय हुशार हाय, ल्हानपणापासून नकला करतो, कावळ्याची करतो, मास्तरची करतो, माझीपण करतो. हां — माझीच केलीय. तसं लिहा. असं नका बघू माझ्याकडं. रागावलेय मी त्याच्यावर, हो, रागावलेय, पण ते माझं नि त्याचं हाय, तुमच्या कागदावर नको. बक्षीस गेलं तर तो मला कधी तोंड दाखवणार नाय. माझं पोर हाय हो ते, एकुलतं.

गप. तो येतोय. इकडंच येतोय, तुमचा बिल्ला बघितला त्यानं. तुमी काय बोलू नका. मी सांगते त्याला, म्याडम दूर्वा घ्यायला आल्या होत्या, बस. कसा चालतोय बघा, छाती काढून. शर्ट मी इस्त्री केलाय. आता बोलेल बघा, ही माझी आई, म्याडमसमोर बोलेलच, एवढा काय तो —

काय?

काय बोल्लास?

"मावशी, जरा बाजूला व्हा"?

हो. हो साहेब, होते ना. घेते टोपली बाजूला. रस्त्यातच बसलेय मी, चुकलंच माझं. म्याडम, तुमी जा यांच्याबरोबर, पुढच्या खुर्चीवर बसवतील तुमाला. नाय, पैशे राहू द्या. राहू द्या बोल्ले ना. काय विचारता? हे साहेब?

नाय हो. मी नाय ओळखत यांना. जा तुमी.