देवासंगं पान्यात ठेवलेली शिळ

माहं नाव शांता. माहेर वरूडकडचं, बाप खदानीत दगड फोडे, आन् देल्लं मले या गावात, थेही दगड घडवनाऱ्याच्याच घरात. म्हंजे जन्मापासून दगडाचीच धूळ नाकात. पावसानं भिजलेला दगड घनाखाली कसा लवकर फुटते, हे मले लहानपनीच ठाऊक. भोकाभोकाचा तांबूस दगड त लयच. पानी पेते थो, आन् नरम पडते. वाळला का पुन्हा कडक. यात शिकाचं काय हाय, सांग बरं पोरी?

पन गावाले सांगाले गेलं का गाव आपल्यालेच शिकवते.

आमच्या गावात मारुतीचं नवं देऊळ बांधून राहिले होते. दारावरची आडवी शिळ आमच्या बुढ्यानं घडवली, माह्या नवऱ्यानं, त्याच तांबूस दगडाची. दगड देवळाच्या कमेटीनंच आनून देल्लता. आता मूर्ती बसवाच्या आधी पान्यात ठेवतेत, हे तुले ठाऊकच असन. मूर्ती काळ्या कठीन दगडाची, तिले काई होत नाई. त कमेटीचा अध्यक्ष काय म्हने, देव पान्यात बसते त त्याच्या दारानं काहून कोरडं राहावं? झालं. सगळ्याईनं जय म्हटलं आन् शिळही उचलून हौदात टाकली, वर फुलं, हळद-कुकू. काढली थेट शिळ बसवाच्या मुहूर्ताच्या सकाळी, पानी निथळून राहिलं होतं तिच्यातून. बुढा म्हने, भाऊ, मुहूर्त पुढं ढकला, हिले उन्हात सुकू द्या, हिच्यावर भिंतीचा भार येनार हाय. अध्यक्ष हासला, का रे बुढ्या, दगडाले सर्दी होते का? सारे हासले. आन् हा मुंडकं खाली घालून टेकू उचलाले लागला. म्या म्हटलं, तोंड शिवलं का तुमचं? त म्हने, देवाच्या कामात कोन भांडते.

भिंत वर चढून राहिली होती आन् शिळ मधातून कडकन मोडली. खाली हाच होता, टेकू लावत. हात शिळेखाली चेंगरला, अकोल्याले नेला. हात राहिला, पन बोटं वळत नाईत. छन्नी धरता येत नाई, चहाचा कप धरता येत नाई.

आन् गाव काय म्हन्ते? यानं शिळेवर चप्पल घालून पाय ठेवला, म्हून मारुती कोपला. कोनं पाह्यलं? कोनंच नाई. पन सारे म्हन्तेत. हापशीवर बाया मले सांगतेत, शांताबाई, शनिवार धरा, दोष जाईन. म्या म्हटलं, शिळ हौदात टाकली अध्यक्षानं, त शनिवार त्याच्या बायकोले धरू द्या. मी काहून उपाशी मरू?

आता परवा अध्यक्ष दारात. नवा दगड आनला म्हने, कारीगर दुसरा हाय, बुढ्या, तू फक्त बसून सांग. हा लगेच उठून टोपी शोधून राहिला! काय सांगू तुले, अंगाची आग झाली. म्या दारात आडवी झाली. म्हटलं, आधी पारावर सगळ्याईले सांगा, शिळ पान्यानं मोडली, याच्या पापानं नाई. मंग हा येईन. अध्यक्ष म्हने, बाई, देवाच्या पान्यावर बोल कसा लावू? म्हटलं, मंग मानसावर कसा लावला?

गेला तसाच. अजून काई सांगतलं नाई त्यानं. बुढा माह्यासंगं बोलत नाई, नुसता ओसरीवर बसते, देवळाकडे पाह्यते. मारुती तिकडे उघड्यावर. रागावला असन त रागाव बाप्पा, तुहं भलं होवो. पन पापी म्हनवून घेत मी याले तुह्या दारात पाठवनार नाई.